विंचू चावल्यावर बीपीची गोळी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. जांभ्याच्या गडग्याचे दगड हलवताना वडिलांच्या बोटाला लाल विंचू चावला. अर्ध्या तासात अंग घामाने डबडबले, दोन उलट्या झाल्या, लाळ सुटली. वाडीजवळच्या डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे इंजेक्शन दिले. लाळ थांबली, पण दोनेक तासांनी हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली आणि बीपी 170/110 भरले. तालुक्याच्या रुग्णालयात प्राझोसिनची गोळी दिली, दर तीन तासांनी पुन्हा दिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील घरी आले. तुम्ही विचारता : बीपीचा आजारच नसताना बीपीची गोळी का? पुस्तकात 'लाळ, घाम, उलटी दिसली की ॲट्रोपिन' असे असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी त्या इंजेक्शनवर कपाळाला आठ्या का घातल्या? आणि ही गोळी आता कायमची मागे लागणार का?

मी फिजिशियन आहे, कोकणात 26 वर्षे काढली, आणि विंचवाचे पेशंट किती पाहिले याचा हिशेब केव्हाच सोडला. वडिलांचा केसपेपर मी पाहिलेला नाही. विंचू चावल्यापासून किती वेळाने कोणते औषध मिळाले, तेव्हा नाडी किती होती, अंगात पाणी किती उरले होते, यावर बरेच काही ठरते. तेव्हा पुढे जे लिहितो ते तुमच्या वडिलांवरचा निकाल म्हणून वाचू नका.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच गोंधळ दिसतो. औषधाला आपण आजाराच्या नावाने ओळखतो : बीपीची गोळी, दम्याचा पंप, काचबिंदूचे थेंब. औषधाला मात्र आजार माहीत नसतो. त्याला फक्त रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, माहीत असतो. स्वायत्त मज्जासंस्थेवरची, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, ग्रंथी आपल्याला न विचारता चालवणाऱ्या नसांवरची, औषधे शिकताना हे एकदा डोक्यात बसले की पाठांतर निम्मे होते.

पुस्तकात अनुकंपी आणि परानुकंपी असे शब्द असतील. वॉर्डात आम्ही सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिकच म्हणतो. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. सिंपथेटिक म्हणजे पराणी, पॅरासिंपथेटिक म्हणजे कासरा. हृदयाची स्वतःची चाल मिनिटाला सुमारे 100 असते. निवांत बसलेल्या माणसाची नाडी 70-72 भरते, ती व्हेगस नावाच्या नसेने कासरा सतत ओढून धरलेला असतो म्हणून. ॲट्रोपिन बैलाला टोचत नाही, कासरा कापते. नाडी वाढलेली दोन्हीकडे सारखीच दिसते, पण गाडी उतारावर असताना कासरा कापणे किती महागात पडते ते पुढे येईलच.

नसेच्या टोकाला एक निरोप्या सुटतो आणि समोरच्या पेशीच्या कानात निरोप सांगतो. रिसेप्टर म्हणजे हा कान. पॅरासिंपथेटिकचा निरोप्या ॲसिटिलकोलिन, सिंपथेटिकचा बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रिनलिन. 'बहुतेक' म्हणतो, कारण घामाच्या ग्रंथी इथे घोळ घालतात. त्या माहेरच्या सिंपथेटिक, पण बोलतात सासरची भाषा, म्हणजे त्यांना निरोप मिळतो तो ॲसिटिलकोलिनचा. त्यामुळे नुसता घाम पाहून 'हे पॅरासिंपथेटिकचे काम' असा निष्कर्ष काढता येत नाही. परीक्षेत हा प्रश्न अर्ध्या गुणाचा असेल, विंचवाच्या पेशंटपाशी तो पुऱ्या गुणांचा आहे.

आता विंचवाकडे येऊ. आपल्याकडे काळा मोठा विंचू दिसला की लोक 'इंगळी, इंगळी' म्हणून ओरडतात, पण जीव घेतो तो लहानखुरा लाल विंचू. त्याच्या विषातली प्रथिने नसांवरची सोडियमची दारे उघडी धरून ठेवतात, शिवाय काही पोटॅशियमची दारे बंद करतात. परिणाम असा की नस थांबायलाच तयार नसते. टोकांतून निरोपे लोंढ्याने सुटतात, दोन्ही पक्षांचे. आधी ॲसिटिलकोलिनचा जोर दिसतो : उलट्या, लाळ, घाम, कधी मंद नाडी, आणि मुलग्यांत व पुरुषांत लिंगाची आपोआप ताठरता. हे शेवटचे लक्षण घरचे लाजेने सांगत नाहीत. विंचू चावलेला मुलगा आला की आधी चड्डी काढून बघा, असे मी प्रत्येक इंटर्नला सांगतो. विष अंगात भिनल्याची ती फार लवकर मिळणारी खूण आहे. उलट, पेशंट वेदनेने आरडाओरडा करतोय, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत, असा असेल तर मला बरे वाटते. त्याला बोटाच्या मुळाशी बधिर करणारे लिग्नोकेन द्यायचे, ॲड्रिनलिन न मिसळलेले, आणि काही तास डोळ्यांसमोर ठेवायचे.

पहिला अंक लवकर आटोपतो. मग सिंपथेटिकचे वादळ उठते आणि ते दिवस-दीड दिवस टिकू शकते. नसांची टोके नॉरॲड्रिनलिन ओततात, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन ओततात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अल्फा-1 नावाचे कान असतात. ते हा निरोप ऐकतात आणि वाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार, म्हणून बीपी वर. हृदयाला आवळलेल्या नळांविरुद्ध पंप मारावा लागतो. शिवाय या वादळात इन्सुलिन दबते, साखर वर जाते, आणि हृदयाच्या स्नायूला नेमके नको तेव्हा नको ते इंधन मिळते. डावा कप्पा थकला की रक्त मागे फुप्फुसात तुंबते, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. विंचवाने माणूस मरतो तो बहुधा असा.

इथे प्राझोसिन लागते. विषाने पिसाळलेल्या नसेचे तोंड आपल्याला बंद करता येत नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात बोळा घालता येतो. प्राझोसिन अल्फा-1 च्या कानात बोळा घालते. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो, इन्सुलिन पुन्हा सुटू लागते. ही गोळी मुळात रक्तदाबासाठी बाजारात आली म्हणून तिचे नाव 'बीपीची गोळी'. हीच गोळी प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना लघवी मोकळी व्हावी म्हणूनही दिली जाते, कारण मूत्राशयाच्या तोंडाशीही अल्फा-1 चेच कान आहेत. तुमच्या वडिलांना बीपीचा आजार आहे की नाही हा प्रश्न तिथे गैरलागू होता. त्या रात्री त्यांच्या वाहिन्या आवळल्या होत्या, एवढे पुरेसे होते.

'मग कुठलेही बीपीचे औषध चालले असते का?' हे तुम्ही विचारले नाहीत, पण फार्मसीच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे. नाही, चालले नसते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा नावाच्या कानांत बोळा घालणारे औषध, घ्या. तो हृदयाचा जोर कमी करतो, आणि इथे हृदय आधीच थकलेले. दुसरे, स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्यांतले बीटा-2 त्या सैल करत असतात. नॉनसिलेक्टिव्ह, म्हणजे सगळेच बीटा बंद करणाऱ्या, बीटा-ब्लॉकरने तो एकमेव दयाळू कानही बंद केला की अल्फाला मोकळे रान. ॲड्रिनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीत 'आधी अल्फा, मग बीटा' असे शिकवतात, त्यामागेही हेच कारण. जुने, सरसकट सगळे अल्फा बंद करणारे औषधही इथे गैरसोयीचे. नसेच्या स्वतःच्या टोकावर अल्फा-2 नावाचा कान असतो. तो आपलाच आवाज ऐकतो आणि 'पुरे आता' म्हणून नसेला गप्प करतो. त्याच्यातही बोळा घातला तर नस आणखी ओरडणार. प्राझोसिन अल्फा-2 ला हात लावत नाही. एका गोळीत एवढा शहाणपणा पाहून मला आजही मौज वाटते.

ही गोळी विंचवासाठी वापरायची हे कुण्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ठरले नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाड-बिरवाडी परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या खाटेशी बसून, तासातासाला नाडी, बीपी लिहून हे पाहिले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. लक्षणांवरचे लेखन 1982 चे, प्राझोसिनवरचे 1986 चे. डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्या कामात बरोबरीने होत्या. त्याआधी गंभीर पेशंटांत शंभरातले तीसेक दगावत. प्राझोसिननंतर तो आकडा अगदी थोड्यावर आला. 2022 मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. आमच्या भागातल्या डॉक्टरांना ती आपल्या घरात आल्यासारखे वाटले.

आता ॲट्रोपिन. हा तुमचा सर्वांत कठीण प्रश्न, आणि माझा सर्वांत जुना घाव. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. लाळ, घाम, उलटी, नाडी 58. मला पुस्तक तोंडपाठ होते. ॲट्रोपिन दिले, नाडी 110 झाली, लाळ सुकली, आणि मी समाधानाने चहा प्यायला गेलो. तासाभराने सिस्टरनी निरोप पाठवला : 'डॉक्टर, पोराचे पाय बघा.' पाय घोट्यापर्यंत गार होते, नाडी 160 च्या वर, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर तळाशी बारीक चरचर. पोरगा वाचला, पण त्या रात्रीनंतर मी विंचवाच्या पेशंटच्या चेहऱ्याआधी पायांना हात लावतो. त्या सिस्टर प्राझोसिनचा गुण पाहायलाही बीपीचे यंत्र दुय्यम मानत. पाय गरम झाले की म्हणत, 'आता झोपा.'

मी काय चुकलो? मला दिसत होता पहिला अंक, आणि तो आपोआप संपणारच होता. येणाऱ्या वादळात हृदयाला आवरून धरणारा एकच कासरा शिल्लक होता, तो मी कापला. लाळ आणि घाम थांबवून मी मलाच धीर दिला, पेशंटला काही दिले नाही. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण वाडीजवळच्या डॉक्टरांना लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. नाडी फारच मंदावून पेशंट कोसळत असेल तर थोडे ॲट्रोपिन द्यावे लागते. तेव्हाची नाडी किती होती ते त्यांनाच विचारा, आणि नीट विचारा.

तुमच्या पुस्तकातली ती ओळ मग खोटी का? ती खरी आहे, पण वेगळ्या विषाची आहे. फवारणीच्या औषधांतला ऑर्गनोफॉस्फरस गट घ्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हा हा विषय घराघरांत पोचला. तिथल्या सगळ्या केसेस एकाच औषधाच्या नव्हत्या, पण ऑर्गनोफॉस्फरसचे काम असे चालते : ॲसिटिलकोलिन आपले काम झाल्यावर मोडून टाकणारे एक एन्झाइम असते, विष त्याला बांधून टाकते. निरोप्या निरोप सांगून निघून जायच्या ऐवजी कानाशीच ठाण मांडून बसतो. श्वासनळ्या स्रावाने भरतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. तिथे ॲट्रोपिन प्राण वाचवते, आणि जपून देऊन चालत नाही. आपल्याकडची ॲम्प्यूल 0.6 मिलिग्रॅमची, सुरुवातच तीन ते पाच ॲम्प्यूलने होते, आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचे नाही, फुप्फुसातला घरघराट थांबला का ते ऐकायचे. एवढे करूनही स्नायूंचा लुळेपणा ॲट्रोपिनने सुटत नाही, कारण स्नायूंवरचे ॲसिटिलकोलिनचे कान निकोटिनिक जातीचे, आणि ॲट्रोपिनचा बोळा फक्त मस्करिनिक कानांत बसतो.

म्हणजे लाळ, घाम, उलटी दोन्हीकडे. फवारणीच्या विषात निरोप्या हटवला जात नाही आणि ते हटवणे बंद आहे तोवर संकट चालू राहते. विंचवाच्या विषात दोन्ही निरोप्यांचा लोंढा येतो, त्यातला ॲसिटिलकोलिनचा ओसरतो आणि मागून येणारा नॉरॲड्रिनलिनचा मारतो. बाहुल्या पाहिल्यात तर पुष्कळदा उलगडा होतो : फवारणीच्या विषात टाचणीच्या टोकाएवढ्या, विंचवाच्या वादळात मोठ्या. धोतरा खाल्लेल्या पोराच्याही बाहुल्या मोठ्या असतात, पण त्याचे तोंड कोरडे ठणठणीत आणि अंग तापलेले, कारण धोतऱ्यात ॲट्रोपिनच्याच घराण्यातली द्रव्ये असतात.

औषधाला पत्ता कळत नाही, याचे घरगुती उदाहरणही देतो. काचबिंदूसाठी आजी टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घालते. तो बीटा-ब्लॉकर. थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात, आणि आजीला जुना दमा असेल तर धाप लागते. डोळ्यांचे थेंब आणि दमा यांचा संबंध घरात कुणाच्या ध्यानीही येत नाही. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे दाबून धरायला सांगतात ते यासाठी. तुम्ही उद्या मेडिकलच्या काउंटरमागे उभे राहाल तेव्हा टिमोलॉल मागणाऱ्याला 'दमा आहे का?' एवढे नक्की विचारा.

विंचवाच्या उपचारात परिस्थितीनुसार काय बदलते, तेही सांगतो, नाहीतर कुणी हे वाचून गोळ्या घरात आणून ठेवील. फक्त वेदना असताना प्राझोसिन देत नाहीत. अंगात विष भिनल्याची लक्षणे दिसली तरच देतात, मुलांना वजनाप्रमाणे, किलोला 30 मायक्रोग्रॅम, मोठ्यांना साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. गोळी साधी हवी. सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी इथे कामाची नाही, तोवर वादळ पुढे निघून जाते. पहिल्या डोसनंतर पेशंटला आडवाच ठेवायचा. पोराला कडेवर घेऊन उभे राहिलात तर बीपी धाडकन खाली येते. उलट्या आणि घामाने अंग सुकलेले असेल तर आधी पाणी भरून काढावे लागते, आणि ते सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवून नाही, कारण थकलेले हृदय जादा पाणी फुप्फुसात सोडते. शुद्धीवर असेल तर तोंडाने ओआरएस उत्तम. उशिरा आलेला, फुप्फुसात पाणी झालेला, बीपी खाली घसरलेला पेशंट ही वेगळीच गोष्ट. त्याला हृदयाचा जोर वाढवणारे डोब्युटामिन आणि आयसीयू लागते, तिथे गोळीवर भागत नाही.

हाफकिन संस्थेची विंचवाची लस, म्हणजे चावल्यावर द्यायचे प्रतिविष, तेही आहे. 2011 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात बावस्करांचीच 70 पेशंटांची चाचणी छापून आली : लस आणि प्राझोसिन एकत्र मिळालेले सरासरी 8 तासांत सावरले, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांना जवळजवळ 18 तास लागले. लस रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते. जे निरोपे आधीच सुटले त्यांना ती परत बोलावू शकत नाही. म्हणून जितकी लवकर तितकी उपयोगी, आणि म्हणूनच विंचू उतरवणाऱ्याकडे गेलेला पहिला तास फार महाग पडतो. उतरवणाऱ्याची कीर्ती बहुतेक अशा पेशंटांवर उभी असते ज्यांना नुसत्या वेदनेपलीकडे काही होणारच नव्हते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो आईने विचारायला सांगितला असे तुम्ही लिहिले आहे. नाही, गोळी कायमची लागणार नाही. प्राझोसिनचे अर्धे औषध दोन-तीन तासांत निघून जाते आणि डिस्चार्जच्या दिवशीच त्याची गरज संपलेली असते. त्या रात्रीचे 170/110 विंचवाचे होते. तरी वडिलांचे वय पाहता आठवड्याने एकदा शांत बसवून बीपी मोजा, ईसीजी काढा, आणि जिना चढताना धाप लागत असेल तर इको करून घ्या. ते प्रोस्टेटची एखादी गोळी घेत असतील तर तिचे पाकीट डॉक्टरांना दाखवा, कारण तीही बहुधा अल्फावरचीच असेल. आणि उरलेला गडगा रचायचा असेल तर हातमोजे घालून, प्रत्येक दगड आधी पहारीने उलटा करून.